ड्रिलची वायर गेली कुठे?

मागच्या महिन्यात नवीन घरात पडद्यांचे रॉड लावायचे होते. कॉर्डलेस ड्रिल घेतलं, स्टुलावर चढलो आणि स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर, सरळ रेषेत पेन्सिलने खूण केली. तेवढ्यात पंखा लावायला आलेले इलेक्ट्रिशियन काका ओरडले, "अहो साहेब, तिथे नको! वायर आहे आत!" मी अगदी शहाण्यासारखं उत्तर दिलं, "काका, हे कॉर्डलेस आहे. शॉक नाही बसत."

काका नुसते हसले. मला माझ्या वाक्यातला मूर्खपणा कळायला पाचेक सेकंद लागली. वायर ड्रिलला नव्हती, पण भिंतीत होतीच की!

त्या रात्री झोप येईना, म्हणून या यंत्राचा इतिहास वाचत बसलो. तो माझ्या कल्पनेपेक्षा बराच मजेशीर निघाला.

विजेवर चालणाऱ्या ड्रिलचं पेटंट आर्थर आर्नो आणि विल्यम ब्रेन यांनी १८८९ मध्ये घेतलं, तेही ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये. १८९५ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी हातात धरून चालवता येईल असं ड्रिल बनवलं. पण आज आपण ज्याला ड्रिल म्हणून ओळखतो तो आकार अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरचा. डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर यांना १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. ट्रिगरचं महत्त्व फक्त सोयीपुरतं नाही बरं का. बोट सुटलं की वीज बंद, म्हणजे माणूस दचकला तरी यंत्र थांबतं. सुरक्षेच्या दृष्टीने ड्रिलमधला हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात हुशार भाग.

१९४६ पासून याच कंपनीने घरगुती वापरासाठी स्वस्त ड्रिल विकायला सुरुवात केली. तेव्हाच्या ड्रिलची बॉडी धातूची असायची. आतलं इन्सुलेशन खराब झालं आणि अर्थिंग धड नसलं, तर खुद्द ड्रिलच शॉक द्यायचं. म्हणजे त्या काळी वायरची भीती अगदी खरी होती.

१९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं पहिलं कॉर्डलेस ड्रिल आलं. हे नासाने चंद्रासाठी शोधलं, असं बरेच जण सांगतात. पण क्रम उलटा आहे! ड्रिल आधी आलं, नासाचं काम नंतर. जेमिनी मोहिमांसाठी कंपनीने एक खास अवजार बनवायला मदत केली. अंतराळात तरंगत बोल्ट फिरवायला गेलं की बोल्टऐवजी माणूसच फिरतो, तसं होऊ नये म्हणून.

आणि मग १९७१ चं अपोलो १५. डेव्हिड स्कॉटला बॅटरीच्या ड्रिलने चंद्राच्या जमिनीत साधारण ३ मीटर खोल भोकं पाडायची होती. पहिलं १.६ मीटरच्या आसपास अडलं, दुसरं तर १ मीटरच्या आसपासच. कारण काय? ड्रिलच्या नळ्यांवर भुसा वर आणणाऱ्या पेचदार खाचा होत्या, पण नळ्यांच्या जोडांपाशी त्या नीट काम करत नव्हत्या. धूळ वर येईना आणि बिट आवळलं जायचं. नमुन्याची लांब नळी उपसायला तर दोघा अंतराळवीरांना जोर लावावा लागला. १९७२ च्या अपोलो १६ साठी जोड सुधारले, आणि नळी उपसायला चक्क जॅक सोबत दिला.

आपल्या भिंतीतही हेच होतं. धूळ साठली की बिट अडकतं. बिट फिरायचं थांबलं की मोटरचा सगळा पीळ मनगटावर येतो. २००५ पासून लिथियम-आयन बॅटऱ्यांची ड्रिल यायला लागली, वजन कमी आणि ताकद जास्त. थोडक्यात, मनगट तेच, झटका मोठा!

तर काकांकडून आणि या इतिहासातून मी शिकलो ते असं:

– स्विचबोर्ड किंवा प्लग पॉइंटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. कन्सील्ड वायरिंग बहुतेक तिथूनच जातं. बाथरूमच्या भिंतीत पाण्याचे पाइपही असतात.
– साइड हँडल असेल तर लावायचंच. स्टुलावर एका पायावर कसरत नको.
– मध्येमध्ये बिट बाहेर काढून धूळ झटकायची. अडकलं तर ट्रिगर सोडायचा, जोर नाही लावायचा.
– डोळ्यांवर गॉगल हवाच. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस लांब. हातमोजेही नकोत, फिरत्या बिटात गुंततात.
– बिट बदलताना बॅटरी काढायची. पूर्वी लोक प्लग काढायचे. वायर गेली तशी ती सवयही गेली, हे वाईट झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. भोक पाडण्याआधी एमसीबी बंद करायचा, इन्व्हर्टर असेल तर तोही, आणि मग टेस्टरने बघायचं. वायरवालं ड्रिल असतं तर घरची वीज बंद करून ते चाललंच नसतं. हे चालतं! कॉर्डलेसची खरी देणगी ही आहे, आणि ती वापरायचं मला सुचलंही नव्हतं.

रॉड शेवटी बोर्डापासून चांगलाच लांब लागला. पडदा जरा एका बाजूला सरकलेला दिसतो, आई आली की नक्की बोलणार. असो. त्या पेन्सिलच्या खुणेखाली काय होतं ते काकांनी टेस्टर लावून दाखवलं, आणि ती खूण मी अजून पुसलेली नाही.