बोरघाट आणि भाचीची परीक्षा

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हणजे एकतर ताईशी भांडण, नाहीतर पैशांचा प्रश्न. यावेळी थोडं थोडं दोन्ही होतं.

"मामा, पीएमपी करू का? खरं सांग. आई म्हणते बीई झालीस, सहा वर्षं नोकरी झाली, आता कसल्या परीक्षा देतेस. क्लास आणि फी मिळून एका पगाराच्या वर जातात."

घरच्या मंडळींसाठी सांगतो. पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. प्रकल्प वेळेत आणि बजेटात कसा पार पाडायचा, याची अमेरिकेतली एक संस्था घेते ती परीक्षा. पास झालात की नावापुढे ती तीन अक्षरं लावता येतात.

मी "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला. पण खरं सांगायचं तर टाळलंच. कारण या विषयावर माझं मत स्वच्छ नाही, त्याला जुना डाग आहे.

२००८ ची गोष्ट. डिप्लोमा करून साइटवर उन्हातान्हात वीस वर्षं काढली होती. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने बार चार्ट काढण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. मुंबईत एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेलो. समोरच्या मुलाने (हो, मुलगाच, तिशीचा असेल) फाईल चाळली आणि विचारलं, "सर्टिफिकेशन काही?" मी म्हटलं, कामं बघा ना केलेली. तो हसून म्हणाला, "ते ठीक आहे, पण क्लायंटला दाखवावं लागतं." नोकरी दुसऱ्याला मिळाली. तेव्हापासून घरात पीएमपीचा विषय निघाला की मी म्हणायचो, "कागद आहे तो. कागदाने स्लॅब पडत नाही." भाचीने हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय.

आता तिला उत्तर द्यायचं तर रागाने द्यायचं का? म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू. पनवेलच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

१८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे रस्त्याने घाट चढायचा. बंदर, बैलगाड्या, गोदामं, व्यापारी. गाव एवढं भरभराटीचं की १८५२ मध्येच इथे नगरपालिका आली. मग रेल्वेवाल्यांनी घाट चढायचं ठरवलं.

बोरघाटाचं रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. साधारण २५ किलोमीटरचा मार्ग, साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, २५ बोगदे. ठेका मिळाला विल्यम फॅव्हिएलला. हा काही ऐरागैरा नव्हता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे जी पहिली आगगाडी धावली, तो मार्ग बांधणाऱ्या जोडीतला हा एक ठेकेदार. आजच्या भाषेत बोलायचं तर सीव्ही एक नंबर! पण सपाटीवरचा अनुभव घाटात पुरला नाही. पोटठेकेदारांकडून मजुरांची मजुरी थकू लागली, आणि १८५९ च्या सुरुवातीला मजुरांचा असंतोष दंगलीपर्यंत गेला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं.

मधले काही महिने रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरांनीच काम ओढलं. मग सोलोमन ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. राहिली त्याची बायको, ॲलिस. कोणालाही वाटेल की ती पहिल्या बोटीने परत गेली असेल. तिने ठेका स्वतःकडे घेतला. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या माणसांवर कामाची व्यवस्था सोपवली आणि घाट पुरा करून घेतला. जानेवारी १८६१ मध्ये या कामावर ४२,००० हून जास्त मजूर होते. पटकीने आणि तापाने त्या वर्षांत हजारोंनी माणसं मेली, तेही लिहिलं पाहिजे. एप्रिल १८६३ मध्ये घाटमार्गाचं उद्घाटन झालं.

ॲलिस ट्रेडवेलकडे कसलंही सर्टिफिकेट नव्हतं. त्या काळात इंग्लंडमधली विद्यापीठं बायकांना पदवीही देत नव्हती. हा किस्सा मी गेली कित्येक वर्षं कागदाविरुद्ध वापरत आलोय. पण या वेळी नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, की फॅव्हिएलकडेही सर्टिफिकेट नव्हतं. होता तो अनुभव, आणि माझं सगळं भांडवल तरी दुसरं काय आहे? म्हणजे ही गोष्ट जितकी कागदाच्या विरुद्ध आहे, तितकीच "आम्ही वीस वर्षं केलंय" म्हणणाऱ्यांच्याही विरुद्ध आहे. हे ध्यानात यायला मला इतकी वर्षं लागली. असो.

घाटाच्या वर, पुण्यात, त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. १८५४ मध्ये तिथे एक इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे लोक तयार करायला. रस्ते, पूल, कालवे एवढे निघाले होते की सगळी माणसं विलायतेहून आणणं परवडत नव्हतं. तोच वर्ग वाढत वाढत आजचं सीओईपी झाला. तिथून पुढे 'एलसीई' ही पदवी आली. यातला एल म्हणजे लायसेन्शिएट, परवाना मिळालेला. जुन्या घरांच्या पाट्यांवर ही अक्षरं असायची. १८८० च्या दशकात विश्वेश्वरय्या याच पुण्यातून शिकून बाहेर पडले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले.

म्हैसूरकडच्या एका गरीब घरातल्या मुलाला साहेबाच्या खात्यात कोण ओळखत होतं? शिफारस करायला मामा-काका नव्हते. त्याच्यासाठी ती अक्षरंच ओळखीचं पत्र झाली. मला वाटतं सर्टिफिकेटचा पहिला उपयोग हा, अनोळखी माणसाला दार उघडून देण्याचा. ज्यांना आधीच सगळे ओळखतात त्यांना त्याची किंमत कळत नाही. मला पनवेलमध्ये सगळे ओळखत होते. मुंबईतल्या त्या टेबलापलीकडे मला कोणीच ओळखत नव्हतं. त्या मुलाची चूक नव्हती हो.

आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं. १९१० च्या दशकात हेन्री गँटचे पट्ट्यांचे तक्ते आले, त्यालाच आम्ही बार चार्ट म्हणतो. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रासायनिक कंपनीने क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. कुठलं काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो, ते शोधायची ही रीत. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट काढलं. १९६९ मध्ये अशी कामं करणाऱ्यांनी एकत्र येऊन पीएमआय ही संस्था काढली, आणि १९८४ मध्ये पहिली पीएमपी परीक्षा झाली.

१९८४ म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला मात्र परीक्षा आठवत नाही. त्याला जासई आठवते.

नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको झाली आणि पनवेल, उरण, ठाण्याकडच्या गावांच्या जमिनी जाऊ लागल्या. कागदावर सगळं आखलेलं होतं, नोड, रस्ते, बंदर. फक्त जमीन ज्याची, त्याला काय परत मिळणार याचं उत्तर पुरेसं नव्हतं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले, गोळीबार झाला, पाच माणसं गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. पुढे विमानतळाच्या वेळी हा आकडा साडेबावीस टक्के झाला. त्या विमानतळाची पायाभरणी २०१८ ला झाली आणि पहिली विमानं उडाली ती २५ डिसेंबर २०२५ ला. आता आमच्या गच्चीवरून दिसतात.

पीएमपीवाले ज्या पुस्तकावर अभ्यास करतात त्यात 'स्टेकहोल्डर' असा शब्द आहे. प्रकल्पाचा ज्याच्या घरादारावर, पोटावर परिणाम होतो तो प्रत्येक जण. या माणसांना आधी ओळखा, त्यांच्याशी बोला, असं ते पुस्तक सांगतं. पण या विषयाला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळालं २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत! त्याआधी तो संवादाच्या प्रकरणात एका कोपऱ्यात होता. जासईनंतर २९ वर्षांनी. पुस्तक लिहिणाऱ्यांना जासई माहीत असण्याचं कारण नाही. पण अशा जासई जगभर झाल्या असणार, आणि त्यांच्यातूनच ते प्रकरण आलं असणार. बोरघाटाचं उदाहरण घ्या, रेल्वे झाली ती कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बंदराचा सगळा धंदा बसला. आमच्याकडे रेल्वे यायला १९६० चं दशक उजाडलं. प्रकल्प यशस्वी झाला, पण पनवेलला विचारलं होतं का कोणी?

आता माझ्या डागाचं उरलेलं अर्धं सांगतो, जे भाचीला कधी सांगितलं नव्हतं.

त्या मुलाखतीनंतर तीन-चार वर्षांनी आमच्या एका साइटवर पीएमपी केलेला मॅनेजर आला. मी मनातून वाटच बघत होतो त्याच्या फजितीची. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बसवून विचारलं, "इथे काय काय बिघडू शकतं? तुमच्या डोक्यात आहे ते सगळं लिहून काढू." मी कंटाळत पंचवीसेक गोष्टी सांगितल्या. त्यात एक होती, मोठा पाऊस झाला की शेजारचा नाला उलटा फिरून पायाच्या खड्ड्यात येतो. त्याने ती लिहिली, पुढे उपाय लिहिला, जबाबदार माणसाचं नाव लिहिलं. जुलैमध्ये माझे वडील गेले. मी तेरा दिवस घरी होतो. नेमका त्याच दिवसांत नाला उलटला. साइटवरच्या पोरांनी तक्ता बघितला, पंप आधीच आणून ठेवले होते, खड्डा वाचला. मला कोणाचा फोनसुद्धा आला नाही.

वीस वर्षं मी ज्याला माझी किंमत समजत होतो ते सगळं माझ्या डोक्यात होतं. मी नसताना त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. त्या माणसाच्या अभ्यासाने ते डोक्यातून कागदावर आलं. 'कागद आहे तो' म्हणणाऱ्या मला कागदाने असं उत्तर दिलं.

आणि गंमत म्हणजे त्याच माणसाच्या वेळापत्रकात होळीच्या आठवड्यात मजुरांची पूर्ण हजेरी धरलेली होती! आमच्या मुकादमाने तो चार्ट बघून नुसतं विचारलं, "साहेब, शिमग्याला ही माणसं कुठून आणणार?" मॅनेजर हसला आणि तो आठवडा खोडला. फॅव्हिएलच्या मजुरीचा हिशोब काय किंवा शिमगा काय, पुस्तक विचारायला शिकवतं, पण उत्तर मुकादमाकडेच असतं.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. हे सगळं सांगितलं, २००८ चंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हटलं, "कर. तुझे पैसे वाया जाणार नाहीत. एक तर ही परीक्षा कोऱ्या पोरांसाठी नाहीच. पदवीधराला आधी ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तो तुझ्याकडे आहे. शिवाय दर तीन वर्षांनी साठ तासांचा अभ्यास दाखवून ती ताजी ठेवावी लागते. आमच्यासारखं एकदा डिप्लोमा केला आणि चाळीस वर्षं त्यावर बसलो असं नाही. दारं उघडतील, चार देशांतल्या लोकांशी एका भाषेत बोलता येईल. पण ती अक्षरं लागली म्हणून मुकादमाला विचारणं सोडलंस तर मात्र फॅव्हिएल होशील. आणि ताईला मी समजावतो."

"आणि एक," मी म्हटलं, "परीक्षेच्या आधीच्या रविवारी पनवेलला ये. तुला जासईला नेतो, हुतात्म्यांचं स्मारक दाखवायला."

"मामा, ते सिलॅबसमध्ये आहे का?"

"२०१३ पासून आहे," मी म्हटलं.