चलच्चित्र-संकलन व रंगसंस्करण : नांदेड व लातूर

चित्रित केलेल्या दृश्यखंडांतील अनावश्यक भाग वगळून उरलेले खंड अर्थपूर्ण क्रमाने जोडणे म्हणजे संकलन, आणि त्या खंडांतील प्रकाश, छायाभेद व वर्ण यांत मेळ साधणे म्हणजे रंगसंस्करण होय. चित्रपटव्यवसायात ही दोन कामे दीर्घकाळ वेगळी होती. संकलक संकलनकक्षात बसे, तर रंगांची निश्चिती रसायनशाळेतील तंत्रज्ञ करी. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही दोन्ही कामे, तसेच ध्वनिमिश्रण व दृश्यपरिणाम, एकाच संगणकीय आज्ञावलीत सामावली गेली. मुंबई-पुण्यातील चित्रपटव्यवसायाच्या दृष्टीने ही सोय होती. रसायनशाळा व कलागृहे यांपासून दूर असलेल्या नांदेड व लातूरसारख्या शहरांच्या दृष्टीने मात्र, आपल्या परिसराचे चित्र आपल्याच हातांनी पूर्ण करण्याची शक्यता त्यामुळे प्रथमच निर्माण झाली.

पूर्वेतिहास : दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणून राजा हरिश्चंद्र हा मूकपट काढला व तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लेखन, दिग्दर्शन, संकलन व फितीवरील रासायनिक प्रक्रिया ही सर्व कामे फाळके यांनी स्वतः पाहिली. फितीला छिद्रे पाडणे, ती धुणे यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा हातभार होता. चित्रणापासून अखेरच्या प्रतीपर्यंत सर्व कामे एका घरात होण्याची ही अवस्था पुढे टिकली नाही. बोलपटाच्या आगमनानंतर कामांची विभागणी झाली आणि रंगाचे तंत्र तर भारताबाहेरच राहिले. प्रभात फिल्म कंपनीच्या सैरंध्री (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घ्याव्या लागल्या व रंग समाधानकारक उतरले नाहीत. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा किसान कन्या (१९३७) हा भारतातच प्रक्रिया झालेला पहिला रंगीत बोलपट होय.

फितीवरील संकलनाची पद्धती पुढीलप्रमाणे होती : मूळ व्यस्त प्रतीवरून काढलेली कामचलाऊ प्रत संकलक मूव्हीओला किंवा स्टीनबेक यंत्रावर पाही, कात्रीने कापी व चिकटपट्टीने जोडी. काम संपल्यावर फितीच्या कडेवरील क्रमांकांच्या आधारे मूळ व्यस्त प्रत तशीच कापली जाई. त्यानंतर रसायनशाळेतील तंत्रज्ञ प्रत्येक दृश्यखंडासाठी तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण ठरवी. या तीन प्रकाशांचे बळ कमीअधिक करणे एवढेच रंगसंस्करणाचे क्षेत्र होते. चित्राच्या एका कोपऱ्यातील रंग बदलून दुसऱ्या कोपऱ्यातील तसाच ठेवणे या पद्धतीत जवळजवळ अशक्य होते. पुण्यातील प्रभातच्या आवारात १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटने (पुढे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) संकलनाचे पद्धतशीर शिक्षण महाराष्ट्रात आणले.

मराठवाड्याची स्थिती : मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मराठी चित्रपटाची केंद्रे कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे विकसित झाली. त्या काळात मराठवाडा राजकीय दृष्ट्या त्यांच्यापासून तुटलेला होता. परिणामी या भागात प्रेक्षक होता, चित्रपटगृहे होती, परंतु निर्मितीची साधने नव्हती. नांदेड किंवा लातूर येथे कोणी फितीवर चित्रण केलेच, तरी ती धुण्यासाठी मुंबई, हैदराबाद वा मद्रास (चेन्नई) येथे पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते. चित्रण कसे झाले हे चित्रणस्थळी कळत नसे, आणि चुकले असल्यास तो प्रसंग पुन्हा घडत नसे.

चित्रफितीचा काळ : चुंबकीय फितीवरील चित्रमुद्रणाने रसायनशाळेची गरज संपविली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली व त्यानंतर व्हीएचएस यंत्रे झपाट्याने पसरली. जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या ठिकाणी छायाचित्रकारांची दुकाने लग्नसमारंभांचे चित्रण करू लागली. या व्यवसायात संकलनास आजही ‘मिक्सिंग’ असे म्हणतात. दोन यंत्रे जोडून एकावरील मजकूर दुसऱ्यावर क्रमाने उतरवून घ्यावयाचा, अशी ही रेषीय पद्धती होती. मध्येच एखादे दृश्य घालावयाचे झाल्यास पुढील सर्व काम पुन्हा करावे लागे. शिवाय प्रत्येक उतरवणीत चित्र पुसट होई व रंग, विशेषतः तांबडा, कडेबाहेर सांडे. त्यामुळे नवरीच्या शालूचा रंग तिसऱ्या प्रतीत ओळखू येत नसे. रंग सुधारण्यापेक्षा तो आणखी बिघडू न देणे हाच तेव्हा कौशल्याचा भाग होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या रात्री गणेशविसर्जन उरकून गावे नुकतीच झोपी गेली होती. या आपत्तीचे चित्रण दूरदर्शन व इतर वृत्तसंस्थांनी चुंबकीय फितींवर केले. दगडमातीची कोसळलेली घरे व पावसाळी आकाश यांचे जे चित्र देशाने पाहिले, त्याची निवड व जोडणी लातूरबाहेर झाली. ज्यांच्यावर प्रसंग ओढवला, त्यांच्या हाती त्या काळी ही साधने नव्हती.

संगणकावरील संकलन : अरेषीय संकलनाचा पहिला संच सीएमएक्स ६०० हा १९७१ चा होय, परंतु हे तंत्र खऱ्या अर्थाने रूढ झाले ते १९८९ मध्ये आलेल्या ॲव्हिड संचामुळे. यात दृश्यखंड संगणकात साठवून हव्या त्या क्रमाने, मूळ चित्र न बिघडविता, जोडता येतात. १९९५ मध्ये डीव्ही पद्धतीचे अंकीय कॅमेरे आले व पुढील दशकात सामान्य संगणकावर हे काम करणे शक्य झाले. एका तासाचे डीव्ही चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापी आणि ते संगणकात उतरवून घेण्यास तेवढाच एक तास लागे. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन अडचणी विशेष जाणवत. एक भारनियमनाची : अंतिम चित्रफीत तयार होत असता वीज गेल्यास कित्येक तासांचे काम वाया जाई. दुसरी देवनागरीची : अनेक परदेशी आज्ञावलींत जोडाक्षरे तुटत व ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडे. म्हणून वधूवरांची नावे श्री-लिपीसारख्या संचातील टंकात स्वतंत्रपणे तयार करून चित्रावर बसवावी लागत.

कच्चे चित्रण : अंकीय कॅमेऱ्यातील संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते. ब्राइस बायर यांनी कोडॅक कंपनीत योजलेल्या व १९७६ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत निम्मे बिंदू हिरवे, एक चतुर्थांश तांबडे व एक चतुर्थांश निळे असतात. सामान्य कॅमेरा या माहितीवरून पूर्ण रंगीत चित्र स्वतः तयार करतो, श्वेतसंतुलन ठरवितो व उरलेली माहिती टाकून देतो. कच्च्या चित्रणात मात्र संवेदकाची माहिती जवळजवळ जशीच्या तशी साठविली जाते व रंगाचा निर्णय पुढे ढकलला जातो. फितीच्या परिभाषेत सांगावयाचे तर कच्चे चित्रण ही अंकीय व्यस्त प्रतच होय. नेहमीच्या ८ बिटी चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; १२ बिटी कच्च्या चित्रणात त्या ४,०९६ होतात. याचे मोल साठवणीत द्यावे लागते. ४,०९६ × २,१६० बिंदूंचे, सेकंदास २४ चित्रांचे असंकोचित १२ बिटी चित्रण तासाला सु. १.१ टेराबाइट जागा घेते. म्हणून व्यवहारात संकोचित कच्ची रूपे वापरतात. २००७ मधील रेड वन कॅमेऱ्याने ही पद्धती चित्रपटात रुजविली, तर २०१२ मध्ये ब्लॅकमॅजिक कंपनीने कमी किमतीच्या कॅमेऱ्यात ती आणली.

एकात्मिक आज्ञावली : रंगसंस्करणाची दा विंची ही यंत्रणा अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १९८० नंतरच्या दशकात विकसित झाली. २००४ मध्ये आलेल्या तिच्या ‘रिझॉल्व्ह’ या संगणकीय संचाची किंमत २ ते ८ लाख डॉलर होती व तो मोठ्या कलागृहांसच परवडे. २००९ मध्ये मेलबर्न येथील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने ही संस्था विकत घेतली, २०१० मध्ये आज्ञावलीची किंमत ९९५ डॉलरवर आणली आणि २०११ मध्ये तिची एक आवृत्ती विनामूल्य दिली. पुढे तीत संकलन, ध्वनिमिश्रण (२०१७) व दृश्यपरिणाम (२०१८) यांची भर पडली. पूर्वी संकलकाची जोडयादी रंगतंत्रज्ञाकडे पाठवावी लागे व या देवघेवीत चुका होत. एकाच आज्ञावलीत संकलन व रंग शेजारीशेजारी असल्याने ही पायरीच नाहीशी झाली. यासाठी सक्षम चित्रप्रक्रियक असलेला संगणक, रंग अचूक दाखविणारा पडदा व विश्वसनीय साठवण एवढी सामग्री पुरते.

स्थानिक प्रश्न : नांदेड-लातूर भागातील काही दृश्ये या तंत्राची कसोटी पाहणारी आहेत. हळदीच्या समारंभात चौकट पिवळ्या रंगाने भरून जाते. कॅमेऱ्याचे स्वयंचलित श्वेतसंतुलन पिवळ्याचा हा भर दोष समजून निळा रंग वाढविते, त्यामुळे हळद फिकी व चेहरे निस्तेज होतात. मंडपाच्या रंगीत कापडातून झिरपणारे ऊन आणि सनगन दिव्याचा पिवळट प्रकाश एकाच चेहऱ्यावर पडतात. उघड्या शेतात प्रकाशमापक काळ्या मातीला अंधार समजून चित्र उजळ करतो; माती करडी दिसते व आकाश पांढरे पडते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब परिसरात संगमरवर व सुवर्णकळसांवरील ऊन आणि केशरी पगड्या एकाच चौकटीत येतात. ८ बिटी चित्रणात हा केशरी रंग सपाट ठिगळासारखा होऊन पगडीच्या घड्या नाहीशा होतात. कच्च्या चित्रणात अशा दृश्यांचा समतोल मागाहून साधता येतो. मात्र संवेदकाची मर्यादा ओलांडून गेलेला प्रकाश कोणत्याही आज्ञावलीस परत आणता येत नाही. चित्रण करतानाची दक्षता म्हणून आवश्यकच राहते.

आज्ञावली स्वस्त झाली तरी रंगाची दृष्टी आपोआप येत नाही. परदेशी चित्रपटांच्या तयार रंगपट्टिका बसवून मराठवाड्याच्या उन्हाळ्यास निळसर छटा देणे, किंवा सावळा वर्ण उजळ करून दाखविणे, हे दोष लग्नचित्रणात सर्रास आढळतात. दुसऱ्यात सामाजिक पूर्वग्रहही दडलेला असतो. प्रशिक्षणाची गरज यामुळेच आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचे स्वतंत्र संकुल असून लातूर येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. पत्रकारितेचे शिक्षण व हे नवे हस्तकौशल्य यांचा सांधा जुळणे अगत्याचे आहे.

जतनाचा प्रश्न : एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्यांतून सु. ५ लाख लिटर पाणी होते. किल्लारीच्या वेळी मोजके कॅमेरे होते. या वेळी सामान्य नागरिकांच्या हाती चित्रण करणारे भ्रमणध्वनी होते. परंतु ज्याची साधने सुलभ, त्याची टिकाऊ साठवणही सुलभ असते असे नाही. भारतीय मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन होईपर्यंत बहुतेक नष्ट झाले होते, आणि २००३ मधील आगीत तेथील काही नायट्रेट फितीही जळाल्या. १९९० नंतरच्या दशकातील व्हीएचएस फितींवर बुरशी चढते आहे व त्या लावावयाची यंत्रे दुर्मिळ झाली आहेत. कच्च्या चित्रणाची अवस्था त्याहून नाजूक आहे : पुढील कामासाठी जागा हवी म्हणून व्यावसायिक तयार चित्रफीत ग्राहकास देऊन मूळ चित्रण पुसून टाकतो. त्याशिवाय एकाच कंपनीच्या कच्च्या रूपात ठेवलेले चित्रण त्या कंपनीची आज्ञावली उपलब्ध असेतोवरच वाचता येईल, हाही धोका आहे.

लग्नाच्या चित्रणात केवळ वधूवर नसतात. गावाचे वाडे, भूकंपाने नाहीसे झालेले माळवदाचे घर, जात्यावर बसलेल्या वृद्धेचा चेहरा, बोलीचे स्वर हेही त्यांत आपोआप नोंदले जातात. मराठवाड्याच्या अलीकडील चाळीस वर्षांची ही दृश्यनोंद मुख्यतः घराघरांतील कपाटांत व छायाचित्रकारांच्या दुकानांत विखुरलेली आहे. तिचे अंकीकरण करणे, मूळ चित्रणाच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आणि सोबत स्थळ, दिनांक व व्यक्ती यांची नोंद जोडणे, ही कामे स्थानिक ग्रंथालये व महाविद्यालये यांच्या आवाक्यातील आहेत. संकलन व रंगसंस्करण यांची साधने या प्रदेशात पोहोचली आहेत. त्यांनी संस्कार करावयाचे मूळ चित्रण शिल्लक राहील किंवा नाही, हे मात्र या जतनकार्यावर अवलंबून आहे.