नाताळच्या पंगतीला यहुदी पाहुणी

डिसेंबरात धान घरी आलेलं असतं, हाताला थोडी सवड असते. ज्या गटात ख्रिस्ती ताई आहे, तिथे सगळ्यांना नाताळच्या फराळाचं बोलावणं येतं. आमच्या बचत गटांत बौद्ध, हिंदू, गोंड, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या घरच्या बाया एकत्र बसतात. कोणी मटण खात नाही, कोणी मूर्तीपुढे हात जोडत नाही. पंगतीत तिला अवघडल्यासारखं झालं तर ती भांडत नाही. पुढच्या बैठकीला येत नाही, एवढंच. मग तिची बचत थांबते आणि गटही विस्कटतो.

म्हणून आज आम्ही अशा पाहुणीबद्दल बोलणार आहोत जी आपल्या गोंदिया जिल्ह्यात सहसा भेटत नाही, पण जिची भाषा आपलीच मराठी आहे. ती म्हणजे कोकणातली यहुदी बाई. यहुद्यांनाच ज्यू म्हणतात आणि कोकणातले यहुदी स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. दिवेकर, केहीमकर, राजपूरकर अशी त्यांची आडनावं गावांवरून पडलेली आहेत.

त्यांच्यात सांगतात ते असं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात बाया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषाही पुढे विसरली. ते लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली.

मग दावीद रहाबी नावाचा एक यहुदी कोकणात आला. हे लोक खरंच आपले का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. यहुदी धर्मशास्त्राचा नियम तोच आहे. रहाबीची खात्री पटली. ही त्यांच्यातली परंपरेची गोष्ट आहे, पण तिचा अर्थ आपल्याला चटकन कळतो. पोथी गेली तरी धर्म बायांच्या चुलीपाशी टिकला होता.

शेजाऱ्यांशी त्यांचं नातं कसं होतं, ते त्यांच्या सणांच्या नावांवरून दिसतं. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा रोजा. सण यहुदी आणि नावं शेजारपाजारची. वर्षातून एक दिवस ते दार लावून घरात उपास आणि प्रार्थना करीत, त्याला म्हणत दारफाळणीचा सण. गोमांस त्यांच्या धर्माला चालतं, तरी हिंदू शेजाऱ्यांच्या भावनेखातर त्यांच्यातल्या अनेकांनी ते वर्ज्य केलं. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं, तर त्यालाही लोक मशीदच म्हणत.

ख्रिस्ती लोकांशी त्यांचा जवळचा संबंध आला तो पुढच्या शतकात. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांच्या शाळांत बेने इस्राएलांची मुलं बसली. विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. विसरलेली धर्मभाषा या लोकांना ख्रिस्ती पाद्र्यांकडून, तीही मराठीतून, शिकायला मिळाली. पाद्र्यांच्या मनात धर्मांतर होतं हे लपलेलं नव्हतं. पण फारच थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी विद्या घेतली, उपकार मानले आणि शनिवार पाळत राहिले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने समाजाने आपली शाळाही काढली.

सगळीकडे असं घडलं नाही. युरोपात शेकडो वर्षं यहुद्यांवर येशूला मारल्याचा दोष लादला गेला. येशू स्वतः यहुदी घरात जन्मला होता, तरीही. 1881 च्या नाताळात वॉर्सा शहरात एका चर्चमध्ये आग लागल्याची खोटी ओरड झाली. चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं मेली आणि आळ यहुद्यांवर आला. तीन दिवस त्यांची घरं-दुकानं लुटली गेली. कॅथलिक धर्मसभेने हा जुना दोषारोप चुकीचा असल्याचं 1965 मध्ये जाहीर केलं. त्यामुळे नाताळच्या दिवसांत यहुदी पाहुणीला घरी बोलावणं ही साधी गोष्ट नाही. तिच्या मागे एवढा इतिहास आहे.

आता ताटाकडे येऊ. डुकराचं मांस तिला चालत नाही. आपल्या तलावांतले रोहू आणि कतला चालतात, त्यांना खवले असतात. मागूर, झिंगे, खेकडे चालत नाहीत. मांस आणि दूध ती एका जेवणात घेत नाही. मटणासोबत दह्याची कोशिंबीर नको आणि मटणानंतर लोण्याचा केकही नको. म्हणूनच कोकणात त्यांच्या बाया नारळाचं दूध वापरतात. कडक पाळणारी असेल तर मांस त्यांच्या रीतीने कापलेलंच लागतं, आणि आपली भांडीही तिला चालणार नाहीत. तिला अख्खी फळं द्यावीत. बाकीच्यांसाठी वरण, भात, भाजी आणि दुधाची खीर असा शाकाहारी बेत सोपा पडतो. कोणता पदार्थ कशाचा, हे वाढण्याआधी सांगावं. काय चालतं हे तिला आदल्या दिवशीच एकटीला विचारावं, भर पंगतीत नाही.

वारही पाहावा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत तिचा विश्रांतीचा काळ. तेव्हा पाळणारी बाई चूल पेटवत नाही, गाडीत बसत नाही.

प्रार्थनेच्या वेळी ती शांत बसेल. गुडघे टेकायला किंवा बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला तिला सांगू नये. चर्चमधला पवित्र प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो, त्यामुळे तो न घेण्यात कोणाचा अपमान नाही. ‘नाताळच्या शुभेच्छा’ ती मनापासून देईल. ‘तुम्ही येशूला का मानत नाही?’ हा प्रश्न जेवणाच्या वेळचा नाही.

याच दिवसांत त्यांचा हनुक्का येतो. 2024 मध्ये त्याचा पहिला दिवा 25 डिसेंबरच्याच संध्याकाळी लागला. यरुशलेमचं मंदिर परत ताब्यात घेऊन शुद्ध केल्याची ती आठवण. आठ दिवस रोज एक दिवा वाढवत जातात. हा यहुद्यांचा नाताळ नव्हे, त्याची कथा येशूच्या जन्माआधीची आहे. त्या दिव्यांचा उपयोग दुसऱ्या कामाला करत नाहीत, म्हणून त्यावर आपण उदबत्तीही लावू नये.

आणि ती आपल्याला काय देईल? मलिदा. पोहे, खोवलेला नारळ, साखर, सुकामेवा आणि सोबत फळं. एलिया संदेष्ट्याच्या नावाने हे ताट ठेवतात, प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटतात. आपण धानाच्या जिल्ह्यातल्या बाया, पोह्यांचं ताट आपल्याला परकं वाटायचं नाही.

1948 नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. महाराष्ट्रात आता थोडेच उरलेत. राज्य सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

तायांनो, कोकणातल्या गावांनी त्यांच्या बंद घाण्याला आणि बंद दाराला कधी हरकत घेतली नाही, आणि त्यांनीही शेजाऱ्याचं मन ओळखून आपलं ताट आखलं. आपल्या गटातही हे करता येईल. या महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर प्रत्येकीला विचारा, कोणत्या दिवशी उपास असतो, काय चालत नाही, कोणत्या कार्यक्रमात नुसतं बसायला आवडेल. सचिव ताईंनी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावं आणि नाताळ असो, ईद असो की हळदीकुंकू, बेत ठरवण्याआधी ते पान उघडून पाहावं.