परक्या ध्वनींतील स्वकीय शैली : ब्रॉन्क्समधील डिस्क जॉकी, १९७३ ते १९८१

शैलीचे मूळ कशात असते, ह्या प्रश्नाची संस्कृत साहित्यशास्त्राने भिन्न उत्तरे दिली आहेत. वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानले आणि वैदर्भी, गौडी, पांचाली अशी तिची प्रदेशवाचक नावे स्वीकारली. कुंतकाने ही प्रादेशिक विभागणी अमान्य करून शैलीचे मूळ कवीच्या स्वभावात शोधले. रचना मात्र कवीची स्वतःची आहे, हे दोघांनीही गृहीत धरले होते. ज्याने एकही स्वर स्वतः निर्माण केलेला नाही, जो केवळ इतरांच्या ध्वनिमुद्रिका वाजवितो, त्यास स्वतःची शैली असू शकते काय? न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स विभागात १९७३ नंतरच्या दशकात ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष व्यवहारातून घडत गेले. शैलीविचाराच्या दृष्टीने तो इतिहास उद्बोधक आहे.

'डिस्क जॉकी' ही संज्ञा अमेरिकन नभोवाणीच्या परिसरात १९४० च्या सुमारास रूढ झाली. जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. घोडा दुसऱ्याचा, स्वारी आपली, हा अर्थ त्या शब्दातच सामावलेला आहे. नभोवाणीवरील जॉकीचे वैशिष्ट्य मुख्यतः त्याच्या निवेदनात असे. ध्वनिमुद्रिका मात्र जशीच्या तशी वाजे. नृत्यगृहांत ही मर्यादा प्रथम ओलांडली गेली. न्यूयॉर्कच्या 'सँक्चुअरी' ह्या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो याने १९७० च्या सुमारास एका ध्वनिमुद्रिकेचा ठेका दुसरीच्या ठेक्याशी जुळवून नर्तनात खंड पडू न देण्याचे तंत्र विकसित केले होते.

ब्रॉन्क्समधील परंपरेचा उगम मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. क्लाइव्ह कॅम्बेल, म्हणजेच कूल हर्क, हा जमैकातील किंग्स्टन येथे १९५५ साली जन्मला व १९६७ साली न्यूयॉर्कला आला. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकापासून 'साउंड सिस्टिम' नावाची फिरती ध्वनिक्षेपण-पथके परस्परांशी स्पर्धा करीत. तेथे दुर्मिळ ध्वनिमुद्रिका हेच भांडवल असल्यामुळे तिच्यावरील नावाची चिठ्ठी खरवडून काढण्याची प्रथा पडली होती. कॉक्सन डॉड याने विलिस जॅक्सनची 'लेटर फॉर द गेटर' ही ध्वनिमुद्रिका 'कॉक्सन हॉप' असे स्वतःचे नाव देऊन दीर्घकाळ वाजविली. तिचे मूळ नाव प्रतिस्पर्धी ड्यूक रीड याच्या हाती लागले, तेव्हा ती मक्तेदारी संपली. शैली म्हणजे गुप्त संग्रह, ही त्या काळची धारणा अशा उदाहरणांतून स्पष्ट होते.

११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक ॲव्हेन्यू ह्या इमारतीच्या सभागृहात हर्कच्या बहिणीने आयोजित केलेल्या नृत्यसमारंभात हर्कने ध्वनिमुद्रिका वाजविल्या. नर्तक संपूर्ण गीतासाठी नव्हे, तर गायन व इतर वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या अल्प भागासाठी, म्हणजे 'ब्रेक'साठी, थांबून राहतात, हे त्याच्या लक्षात आले होते. हा भाग काही सेकंदांतच संपे. म्हणून हर्कने दोन टर्नटेबलांवर एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती ठेवून, एकीवरील ब्रेक संपताच दुसरीवर तोच सुरू करण्याची रीत योजिली. जेम्स ब्राउन किंवा इन्क्रेडिबल बाँगो बँड यांच्या गीतांतील हा गौण अंश अशा रीतीने रचनेचा मुख्य विषय बनला. चिठ्ठ्या पाण्यात भिजवून काढण्याची जमैकन सावधगिरीही त्याने पाळली. तथापि सुई तो केवळ नजरेच्या अंदाजाने ठेवीत असे. त्यामुळे सांध्याच्या ठिकाणी ठेका वारंवार विस्कळीत होई.

नेमकी हीच उणीव जोसेफ सॅडलर, ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश, याच्या अभ्यासाचा विषय झाली. बार्बाडोस येथे १९५८ साली जन्मलेल्या व ब्रॉन्क्समध्ये वाढलेल्या ह्या तरुणाने विद्युत्-उपकरणांचे शिक्षण घेतले होते. ब्रेक नेमका कोठे सुरू होतो ते कळावे म्हणून त्याने ध्वनिमुद्रिकेवर मेणखडूची खूण केली आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे ती खूण किती फेरे मागे न्यावयाची, ह्याचे गणित बसविले. सभेला ऐकू येण्यापूर्वी पुढील अंश आपल्याला हेडफोनमधून ऐकता यावा, अशी जोडणीही त्याने केली. सुईखाली ध्वनिमुद्रिका सहज मागेपुढे सरकावी म्हणून फेल्टचे वर्तुळ कापून, त्यास खळ व इस्त्री देऊन ते तबकावर अंथरले. सांधा आता ऐकूही येईनासा झाला.

परंतु फ्लॅशच्या स्वतःच्या कथनानुसार, ह्या तंत्राच्या पहिल्या जाहीर प्रयोगाच्या वेळी लोक नाचले नाहीत. ते नुसते पाहत उभे राहिले. निर्दोष कौशल्याला प्रतिसाद मिळेना, ह्याचे त्यास अतीव दुःख झाले. पुढे ध्वनिक्षेपकावरून श्रोत्यांशी बोलणारे सहकारी त्याने बरोबर घेतले, तेव्हा कौशल्य आणि समूह यांचा संबंध जुळला. नैपुण्य आणि शैली ह्या दोन वस्तू एक नव्हेत, हे ह्या प्रसंगावरून दिसून येते.

फ्लॅशच्या सहवासात शिकलेल्या थिओडोर लिव्हिंग्स्टन याने १९७० च्या दशकाच्या मध्यास आणखी एक पाऊल पुढे टाकले. खोलीच्या दाराशी आलेली आई रागावत असताना त्याने फिरती ध्वनिमुद्रिका हाताने रोखून धरली, व त्या वेळी झालेल्या घर्षणध्वनीकडे त्याचे लक्ष गेले, अशी ह्या शोधाची हकीकत त्याने सांगितली आहे. तो ध्वनी लोकांपुढे आणण्यापूर्वी त्याने त्याचा दीर्घ सराव केला. 'स्क्रॅच' ह्या नावाने हे तंत्र प्रसिद्ध झाले. ह्याच्या उलट, आफ्रिका बंबाटा याचे वैशिष्ट्य हस्तकौशल्यापेक्षा निवडीच्या विस्तारात होते. क्राफ्टवेर्क ह्या जर्मन वाद्यवृंदाचे संगीत त्याने ब्रॉन्क्सच्या नर्तकांपुढे ठेवले, आणि १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये त्याच संगीताचा आधार घेतला.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत ह्या परंपरेचे तीन स्तर करता येतात. निवड हा शब्दसंग्रहाचा स्तर, जोडणी हा वाक्यरचनेचा, आणि हाताचा स्पर्श हा उच्चारणाचा. ह्यांपैकी निवड सर्वांत लवकर सार्वजनिक झाली. १९८६ ते १९९१ ह्या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ही पंचवीस भागांची माला निघाली आणि पूर्वी चिठ्ठ्या काढून जपलेले ब्रेक कोणाही ग्राहकास विकत मिळू लागले. जोडणीची तंत्रे शिष्यांनी व प्रतिस्पर्ध्यांनी आत्मसात केली. त्यांचे व्याकरण बनले आणि व्याकरणावर कोणा एकाचे स्वामित्व राहत नाही. फ्लॅशने १९८१ साली तीन टर्नटेबलांवर वाजवून मुद्रित केलेली 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील' ही सुमारे सात मिनिटांची रचना ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यातील शिक, क्वीन, ब्लाँडी यांची गीते सर्वांच्या परिचयाची होती. लपविण्याजोगे काहीच नसताना ती रचना फ्लॅशचीच म्हणून ओळखू येते, ती कोठे तोडावे, किती वेळा परतावे आणि केव्हा थांबावे ह्या निर्णयांमुळे.

ह्यावरून असे म्हणता येईल की वामन आणि कुंतक यांच्या उत्तरांत एका तिसऱ्या घटकाची भर घालावी लागते. किंग्स्टनची प्रथा हा प्रदेशाचा वारसा होय. फ्लॅशची चिकित्सक वृत्ती हा स्वभाव होय. परंतु समोरचा नर्तक कशासाठी थांबून राहतो, हे हर्कने ओळखले नसते तर ह्या दोहोंतून काहीच निष्पन्न झाले नसते. हर्कचा सांधा सदोष होता, त्याचा संग्रह पुढे उघड झाला, त्याची रीत इतरांनी अधिक सफाईने वापरली. तरीही ह्या परंपरेचा आरंभ त्याच्यापासूनच मानला जातो. परक्या ध्वनींत नेमके काय ऐकावयाचे, हे त्याने प्रथम ठरविले. आणि शैलीचा हा अंश पुढील वादकांनी उचलला तेव्हाही त्याच्याच नावे राहिला.