समेपूर्वीच्या मात्रा

लयब्रह्मभास्कर म्हणून गौरविलेले गोव्याचे तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर (१८८०–१९५३) दोन हातांनीं दोन निराळे ताल धरून ते समेवर एकत्र आणीत, अशी त्यांची ख्याति आहे. हा चमत्कार नव्हे, हिशेब होय. सात व आठ मात्रांचीं आवर्तनें एकदम सुरू केल्यास दर फेरीस एक मात्रा अंतर वाढतें आणि ५६ मात्रा भरल्यावर समा पुन्हां जुळतात.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनीं १९६७ सालीं ‘पियानो फेझ’ या रचनेंत एकच १२ स्वरांचा तुकडा दोन पियानोंवर वाजवून एकाला हळूहळू पुढें सरकविलें. तेथें श्रोता ती फारकतच ऐकतो. आपण मात्र समेला दाद देतों आणि मधल्या ५५ मात्रा विसरतों. खाप्रूमामांची विद्या त्या मात्रांतच होती. ती न ऐकतां केलेला गौरव अपुराच होय.