‘होल्ड’ म्हणजे राखण

नांदगाव पेठच्या घरी रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरला, तेव्हा कुठे मला हव्या त्या पर्यायांसह एफएफएमपेग कंपाइल झालं. त्याचं पॅकेज केलं, नाव डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या पॅकेजचंच ठेवलं. आठवडाभराने ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवलं. भांडारात वरच्या क्रमांकाची आवृत्ती आली होती. ती माझ्या पॅकेजवर बसली आणि रात्रभराची मेहनत पुसली गेली. उपाय एका ओळीचा निघाला : ‘ॲप्ट-मार्क होल्ड’. पण त्या ‘होल्ड’ने मला धरून ठेवलं.

डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थेचे ठळक टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. १९९३ साली डेबियन, १९९४ च्या जानेवारीत इयान मरडॉकची डीपीकेजी ही पॅकेजं बसवणारी शेल स्क्रिप्ट, त्याच वर्षी इयान जॅक्सनने सी भाषेत नव्याने लिहिलेला तिचा गाभा. पॅकेजं निवडण्याच्या डीसिलेक्ट या साधनाच्या पडद्यावर होल्डसाठी बरोबरचं चिन्ह दाबायचं. ‘जसं आहे तसंच’ म्हणून ते निवडलं असणार, असं मी धरून चालतो.

आता शब्द. होल्ड म्हणजे थांबवणं, टेलिफोनवर ताटकळत ठेवतात तसं, असं बहुतेक जण म्हणतील. मला ते पटत नाही. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात उधळ्या मुलाच्या गोष्टीत त्याला शेतावर डुकरं राखायला धाडतात, तिथे क्रियापद आहे ‘हाल्दन’. होल्डचंच हे भावंड. जनावरं राखणं हा त्याचा मूळ अर्थ, बाळगणं नंतरचं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जण तर हाकणं या अर्थाच्या संस्कृत ‘कलयति’शी त्याचं नातं जोडतात, ती उडी मला लांबची वाटते.

हे वाचलं आणि आजीचं ऐकू आलं, “ढोरं राखाले कोन गेलं?” संस्कृत रक्ष्, प्राकृत रक्ख, मराठी राखणे. ढोरकी राखतो तेही राखणं आणि बियाण्यासाठी कापूस राखून ठेवतो तेही राखणंच. दोन भाषांनी एकाच वळणावरून एकच वाट धरली. जॅक्सनच्या मनात ढोरं नसतीलही, पण यंत्राचं वागणं माझ्याच बाजूने साक्ष देतं : होल्ड केलेलं पॅकेज आपणहून वर चढत नाही, निघतही नाही, मात्र तुम्ही डीपीकेजीला नव्या आवृत्तीची फाइल हातात देऊन स्पष्ट सांगितलंत, तर ती बसते. कुलूप असं वागत नाही. राखणदार वागतो, मालक आला की बाजूला होतो.

ॲप्टचं ‘पिन’ वेगळं. तो खुंटा. अग्रक्रम १००० किंवा वर ठेवला, तर वरच्या आवृत्तीवरून खालच्या आवृत्तीवरही ओढून आणतो.

आता ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत माझ्या पॅकेजपुढे ‘एच’ दिसतो. राखलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा नवी आवृत्ती स्वतः कंपाइल करून बसवतो.