परतलेल्या घरातली दोन मुलं आणि कायद्यातली एक तारीख

माझ्या पीएचडीचा विषय परतीचं स्थलांतर आहे. १९९० नंतर अमेरिकेत गेलेली आणि पुन्हा पुण्यात येऊन राहिलेली कुटुंबं मी अभ्यासते. सुरुवातीला माझी प्रश्नावली ठराविक होती: का गेलात, का परतलात, आईवडिलांची तब्येत, मुलांची शाळा, मराठी. कागदपत्रांचा एकही प्रश्न त्यात नव्हता. मग एका मुलाखतीत मुलांच्या शाळाप्रवेशाचा विषय निघाला आणि त्या बाई उठून आतून एक जाडजूड फाईल घेऊन आल्या. थोरल्या मुलीची फाईल. मुलीचा जन्म जानेवारी २००६, न्यू जर्सी. कुटुंब परतलं २००९ मध्ये. धाकटा मुलगा २०१० साली पुण्यातच झाला. त्याची फाईल कुठंय, असं विचारल्यावर त्या हसल्या. "त्याचा जन्मदाखला आणि आधार. संपलं."

आईवडील दोघंही तेव्हा भारतीय नागरिक होते आणि आजही आहेत. ग्रीन कार्डही त्यांनी घेतलं नव्हतं. तरी एकाच घरातलं एक मूल भारतीय आणि दुसरं परदेशी.

घरी येऊन मी प्रकरणाच्या मसुद्यात एक वाक्य लिहिलं: "अमेरिकेत जन्मलेली मुले अमेरिकन नागरिक असल्याने भारतात परतताना ती परदेशी ठरतात." माझ्या गाईडनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला: "कधीपासून?" त्या एका शब्दाने माझे तीन महिने घेतले. संशोधनाला बसायच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींसाठी आज त्या तीन महिन्यांबद्दल लिहिते आहे.

आधी अमेरिकेची बाजू, ती सोपी आहे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे तिथं जन्मलेलं मूल, राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं वगैरे अपवाद सोडले तर, अमेरिकन नागरिक होतं. आईबाप एच-१बी व्हिसावर असोत नाहीतर विद्यार्थी असोत. इथवर माझं वाक्य बरोबर होतं. पण "अमेरिकन असल्याने परदेशी" यातला "असल्याने" हा शब्द मी न तपासता लिहिला होता. मूल अमेरिकन आहे म्हणून ते भारतीय नाही, असं आपला कायदा नेहमीच म्हणत होता का?

नव्हता. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ४ काढून बघा; पण मूळ १९५५ चं, आजचं नव्हे. त्यात म्हटलं होतं की २६ जानेवारी १९५० ला किंवा नंतर भारताबाहेर जन्मलेल्या व्यक्तीचे वडील तिच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असतील, तर ती वंशाने भारतीय नागरिक. बस. वडील स्वतःच वंशाने नागरिक झालेले असतील तेव्हाच वकिलातीत जन्माची नोंद करण्याची अट लागायची (वडील सरकारी सेवेत असतील तर तीही नाही). म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या बापाचं १९९० साली शिकागोत झालेलं मूल जन्मल्या क्षणी अमेरिकन तर होतंच, पण आपल्या कायद्याच्या नजरेत भारतीयही होतं. वकिलातीचं तोंडही न बघता.

"वडील" हा शब्द मात्र सोडून चालणार नाही. आई भारतीय आणि वडील परदेशी असतील, तर १९५५ च्या कलमाप्रमाणे परदेशात झालेलं मूल वंशाने भारतीय नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन, मुलाला घेऊन माहेरी परतलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिचा पासपोर्ट भारतीय आणि कडेवरचं पोर व्हिसावर. हे बदलायला १९९२ साल उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने "वडील" च्या जागी "वडील किंवा आई" आलं, आणि ते १० डिसेंबर १९९२ पासून लागू झालं. मागच्या तारखेने नाही. त्याच बाईला १९९१ मध्ये एक आणि १९९३ मध्ये दुसरं मूल झालं असेल, तर धाकटं वंशाने भारतीय, थोरलं नाही.

हे शोधायला मला आठवडे लागले, कारण मी इंटरनेटवरचा आजचा कायदा वाचत होते आणि आजच्या कायद्यात कालचा कायदा वरवर दिसत नाही. पुस्तकाच्या दुकानात मिळणारा साधा बेअर अ‍ॅक्ट घ्या आणि तळटीपा वाचा. अमुक शब्द अमुक सालच्या अधिनियमाने, अमुक तारखेपासून घातले, असं तिथं बारीक टाइपात छापलेलं असतं. मग त्या सालचं राजपत्र काढा आणि लोकसभेतली त्या विधेयकावरची चर्चा काढा. कायद्याच्या इतिहासाचं निम्मं काम तळटीपांत असतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता २००६ च्या मुलीकडे येऊ. तिच्या आधी, २००३ च्या दुरुस्तीने कलम ४ पुन्हा बदललं होतं आणि ते ३ डिसेंबर २००४ पासून लागू झालं होतं. त्या तारखेनंतर परदेशात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय राहिलं नाही. एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद हवी (उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी), आणि सोबत आईवडिलांनी लिहून द्यायचं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. इथेच गाडी अडते. अमेरिकन कायद्याप्रमाणे अमेरिकन नागरिकाने देशात येता-जाता अमेरिकन पासपोर्टच वापरायचा असतो. तान्ह्या मुलीला आजीला दाखवायला आणायचं, तर बहुतेक आईबाप आधी तोच पासपोर्ट काढतात. तो काढला की ते प्रतिज्ञापत्र देता येत नाही, आणि प्रतिज्ञापत्र नाही तर नोंद नाही. ज्यांनी नोंद केली, त्यांच्या मुलांसाठीही कलम ४(१अ) आहेच: दुसऱ्या देशाचं नागरिकत्वही असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडायचं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं.

म्हणजे माझं वाक्य २००६ च्या मुलीला लागू होतं आणि १९९० च्या मुलाला होत नव्हतं. गाईडच्या "कधीपासून?" चं उत्तर होतं: ३ डिसेंबर २००४.

पण मुलाखतींमध्ये मला भलतंच ऐकू येत होतं. १९९०-९५ च्या सुमारास मुलं झालेली आणि पुढे परतलेली कुटुंबंही सांगत होती, "आम्ही पोराच्या अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा मारून आलो." कायदा त्या मुलाला भारतीय म्हणत होता आणि कागद परदेशी. पैकी कुणाचं खरं मानायचं? १९५६ च्या नियमांत असं आहे की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हा त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझार अहमद खान खटल्यात तो नियम वैध ठरवला. पण कलम ९ मधला शब्द "स्वेच्छेने" आहे. सहा महिन्यांच्या बाळाचा पासपोर्ट बापाच्या सहीने निघतो, तेव्हा त्यात स्वेच्छा कुणाची? शिवाय बाळाने नागरिकत्व "मिळवलं" कुठे, ते तर जन्मानेच आलं. हा प्रश्न मी प्रबंधात उघडा ठेवला आहे. प्रत्यक्षात त्या आईबापांपैकी फारच थोड्यांनी तो विचारला होता. व्हिसाची रांग त्यांना माहीत होती, कलम ४ नव्हतं.

आता फाईल जाड का होती ते. मुलगी आली ती व्हिसावर. मग पीआयओ कार्ड, मग ओसीआय. पीआयओ कार्ड १९९९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याची फी हजार डॉलर होती, त्यामुळे ते फारसं कुणी घेतलं नाही. २००२ मध्ये सुधारित योजना आली. ओसीआयची कथा जास्त रंजक आहे. २००३ च्या ज्या दुरुस्तीने परदेशी जन्मलेल्या मुलांचं आपोआप मिळणारं नागरिकत्व काढून घेतलं, तिनेच "परदेशस्थ नागरिक" ही कल्पनाही आणली, आधी १६ देशांपुरती. २००५ मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश वगळता ती सगळ्यांना खुली झाली. पण कलम ७अ ची यादी नीट वाचा. त्यात पूर्वी भारतीय असलेले, आता दुसऱ्या देशाचे नागरिक झालेले लोक होते, आणि त्यांची अल्पवयीन मुलं होती. ज्या अल्पवयीन मुलाचे आईबाप अजून भारतीयच आहेत, त्याचा वेगळा उल्लेख नव्हता. तो २०१५ च्या दुरुस्तीने आला, त्याच सुमारास जेव्हा पीआयओ कार्ड ओसीआयमध्ये विलीन झालं. अमेरिकन झालेल्या बापाच्या मुलीला जे कार्ड २००६ पासून सरळ मिळत होतं, ते भारतीय राहिलेल्या बापाच्या मुलीसाठी कायद्यात दहा वर्षं लिहिलेलंच नव्हतं. त्या बाईंनी फाईल मिटताना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं: "आम्ही पासपोर्ट बदलला नाही, त्याची ही शिक्षा." तेव्हा मला ती नुसती तक्रार वाटली होती.

आणि कार्ड आलं म्हणून सगळं मिटलं असंही नाही. ओसीआयला मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण घरात खरी झोप उडवली ती ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने. नीट, जेईईसारख्या परीक्षांतून प्रवेश घेताना ओसीआय विद्यार्थ्यांना फक्त एनआरआय जागा किंवा अधिसंख्य जागा, सर्वसाधारण जागा नाहीत, असं तीत म्हटलं होतं. पहिलीपासून पुण्यात शिकलेली मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अनुष्का रेंगुंथवार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही बंधनं पुढच्या काळापुरती. ४ मार्च २०२१ पूर्वी ज्यांनी कार्ड घेतलं त्यांना ती लागू नाहीत. पुन्हा एक तारीख. मुलीचं कार्ड त्याआधीचं होतं.

परत येणं ही आयटीवाल्यांनी सुरू केलेली गोष्ट आहे, असं समजू नका. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि मेक्सिकोतले नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ, स्वातंत्र्यानंतर मायदेशी यायला निघाले तर ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव अजून तसंच होतं आणि व्हिसा अडला. पुढे निर्णय फिरला आणि अखेरची वर्षं ते नागपुरात राहिले. त्यांच्या दोन मुली मेक्सिकोत वाढलेल्या. खानखोज्यांच्या व्हिसाबद्दल आपण वाचतो. बापाबरोबर येणाऱ्या मुलींच्या कागदांबद्दल लिहिलेलं मला अजून कुठे सापडलेलं नाही. मुलं बहुतेक दप्तरांत अशीच असतात, बापाच्या अर्जातली एक ओळ.

ती ओळ किती भारी पडू शकते, हे ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. सिंगापूरमध्ये मार्च १९९९ मध्ये जन्मलेला एक तरुण. आईवडिलांनी डिसेंबर १९९८ मध्ये, तो पोटात असताना, सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेलं. सज्ञान झाल्यावर त्याने कलम ८(२) खाली भारतीय नागरिकत्व परत मागितलं, कारण नागरिकत्व सोडणाऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत घेता येतं. उच्च न्यायालयाने मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने नाही. आईवडिलांनी कलम ८ खाली घोषणा करून नागरिकत्व "सोडलं" नव्हतं; परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे कलम ९ खाली ते "संपलं" होतं. आणि ८(२) फक्त सोडणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. मराठीत आपण दोन्हीला "नागरिकत्व गेलं" म्हणतो. मुलाखतीच्या लिप्यंतरात मीही तसंच लिहीत होते. आता त्या सगळ्या नोंदी पुन्हा ऐकते आहे आणि दर वेळी समासात लिहिते: सोडलं की संपलं?

न्यू जर्सीची ती मुलगी आता सज्ञान आहे. तिच्या फाईलीत पुढचा कागद कोणता येणार, हे तिनेच ठरवायचं आहे. आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, जी तिच्या आईलाही ठाऊक नव्हती. अमेरिकन नागरिकाला अमेरिकेबाहेर झालेल्या मुलाला ते नागरिकत्व देता यावं, आणि दुसरा पालक अमेरिकन नसेल, तर स्वतः अमेरिकेत एकूण पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. ही राहिली तीन. तिने बोटांवर मोजून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या मुलांची फाईल पातळ असेल?"

मी म्हटलं, ते कुठे जन्मतात आणि कधी, त्यावर आहे.